आबांची वीत

हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पाइप गळू लागला आणि खालच्या घराच्या छताला ओल आली. भिंत उघडणं भागच होतं. पण त्या फिक्या हिरव्या टाइल आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः बसवल्या होत्या. आबा गावाकडे गवंडी होते. मी हे घर घेतलं तेव्हा थापी आणि ओळंबा पिशवीत घालून ते एसटीने आले होते, महिनाभर राहून काम करून गेले. आता ते नाहीत. जादा टाइल दोनच उरल्या होत्या. तशा टाइल नारायणगुड्यापर्यंत एकाही दुकानात मिळाल्या नाहीत. तिसरी फुटली, तर आबांच्या भिंतीला ठिगळ लागणार होतं.

पाइपचा जोड कुठे आहे, हे मात्र माझ्याकडे लिहिलेलं होतं. टाइल लावण्याआधी आबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "लिहून ठेव. दारापासून सात वीत, ओट्यापासून दोन. शिकलास ते कामाला येऊ दे." त्यांना लिहिता येत नव्हतं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच.

मी हात पसरून विती मोजल्या आणि पेन्सिलीने फुली मारली. मिस्त्रीने छिन्नी लावली. बराच वेळ ठोकून तो वैतागला.

"किन्ने बिठाया साब ये टाइलां? छूटतेच नै!"

"मेरे वालिद ने," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं.

टाइल फुटली. मागे कोरडी वीट.

आई दाराशी शेपू निवडत होती. "कोणाच्या विती मोजल्यास?"

"माझ्याच की."

"तुझा हात पेन धरणाऱ्याचा. त्यांचा पंजा केवढा होता, विसरलास का रे?"

माप लिहिलं, पण हात कोणाचा ते लिहायचं सुचलं नव्हतं. आई हात धुऊन भिंतीपाशी आली.

"माझी वीत आणि वर तीन बोटं, म्हणजे त्यांची एक. बांधकामावर त्यांच्या हाताखाली मीच होते. किती घरांची मापं अशी दिली!"

ती मोजत गेली आणि एका टाइलवर बोट टेकवून थांबली.

"अम्मा बोले सो जगा खोलूं क्या?" मिस्त्रीने मला विचारलं.

मी मान डोलावली. तीही टाइल फुटूनच निघाली. आत ओला जोड, भोवती आबांनी बोटांनी सारवलेलं सिमेंट. बोटांच्या रेघा स्पष्ट होत्या. मिस्त्रीने छिन्नी उचलली तसा मी त्याचा हात धरला.

"फोडू दे," आई म्हणाली. "खाली लोकांच्या घरात पाणी गळतंय. ते असते तर एव्हाना त्यांनीच फोडलं असतं."

दुपारी जोड बदलला, संध्याकाळी जादा दोन्ही टाइल बसल्या. त्या इतरांपेक्षा जरा उजळ दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांवरून हात फिरवायला गेलो, तर आईने दटावलं, "ओलं आहे अजून. लांब हो."