रेषेच्या अलीकडं, पलीकडं

यंत्राच्या काळ्या काचेतून प्लाझ्मा, तो धगधगणारा वायू, पाहिला की मला उजनीच्या पाण्यावर उतरलेली दुपार आठवते. डोळे दिपवणारा, तरी फार लांबचा वाटणारा उजेड. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. त्यामुळे असं काही सुचलं की ते बरोबर आहे का, हे कुणाला विचारावं कळत नाही.

त्या दिवशी बारामतीच्या प्रयोगशाळेत मी घरच्या बोअरचं पाणी मोजायला लावलं होतं. आमची वस्ती इंदापूरकडं, धरणाच्या फुगवट्याकाठी. बोअरला पाणी लागलं तेव्हा आईनं तांब्या घेऊन सगळ्यांना घोट घोट पाजलं होतं. "साखर हाय की साखर!" मग शेजारच्या वस्तीवरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं आणि तिच्या घशाखाली ते उतरेना. तिला एवढंच हवं होतं, प्यायचं का न्हाय.

पाण्याचा बारीक फवारा त्या उजेडात शिरत होता. त्यातले अणू वजनानुसार निवडून मोजले जात होते. पण आर्सेनिकचा आकडा ठरेना. एकदा पिण्याच्या मर्यादेखाली, लगेच वर, पुन्हा खाली. पडद्यावरची रेघ वाऱ्यातल्या ज्वारीसारखी डुलत होती. खाली आलेल्या प्रत्येक आकड्याला मी मनातल्या मनात हात जोडत होते.

आमच्या मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या.

"सरासरी मर्यादेखाली येतीय," मी घाईनं म्हणाले.

"आणि आकड्यांतला फरक?"

"तो जरा जास्त हाय, मॅडम."

"जरा? यातून होपण निघेल आणि नाहीपण. तुला कुठलं हवंय ते दिसतंयच." त्या हसल्या. "पंपाची नळी बघ आधी."

पाणी यंत्रात नेणारी रबरी नळी पंपानं दाबून दाबून चपटी झाली होती. पाणी सलग न जाता ठेचकाळत जात होतं आणि तेच ठेचकाळणं आकड्यांत उतरत होतं. मी नळी बदलली आणि यंत्र स्थिर व्हायची वाट पाहत बसले. आर्गॉन वायूचा एकसुरी आवाज ऐकता ऐकता वाटलं, आकड्यांचा गोंगाट होता तोवर आशेला बसायला जागा होती.

आधी शुद्ध पाणी लावलं, मग आर्सेनिकचं प्रमाण माहीत असलेली द्रावणं, मग आमचं पाणी. रेघ शांत झाली. आकडे एकमेकांना बिलगून आले. सगळे मर्यादेच्या वर. फार नाही, पण वर. पुन्हा लावलं. तसंच.

व्हरांड्यातून मी आईला फोन केला.

"आई, प्यायचं न्हाय ते. सैपाकालाबी न्हाय."

पलीकडं तिनं ओरडणाऱ्या कोंबडीला हुसकावलं.

"मशीन चुकत आसंल की गं."

"चुकत व्हतं, आई. मी नीट केलं. मग हे आलं."

"लई शानी झालीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग धुणं-भांडी?"

"चालंल."

"आन म्हशीला?"

"मॅडमना इचारून सांगते."

"इचार बिगी बिगी. हौदापाशी उभी हाय ती."

फोन तसाच कानाला धरून मी आत पळाले.