बावन्न सेकंदांचं गाणं

संयोगिता पोवारनं ते गाणं मोजलं होतं. बावन्न सेकंद. मग जरा दम खायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सकाळी साडेसहाला कचऱ्याच्या टिपरची चावी फिरवली की सुरू, दुपारी एकला चावी काढली की बंद. म्हणजे दिवसाला चारशेच्या वर खेपा, आणि हे चार वर्षं.

"उठा उठा हो शेजारी, गाडी आली तुमच्या दारी, ओला टाका हिरव्या डब्यात, सुका टाका निळ्या डब्यात." कुणा बाईनं ते अगदी आनंदात म्हटलं होतं. संयोगिताला सगळ्यात जास्त राग त्या आनंदाचाच यायचा. कचऱ्यात एवढं खूश होण्यासारखं काय असतं, हे त्या बाईनं एकदा टिपरवर उभं राहून सांगावं, असं ती म्हणायची.

आवाज कमी करायची सोय नव्हती. आधीचे ड्रायव्हर गाणं बंद ठेवत, मग गाडी आलीच नाही म्हणून लोकांच्या तक्रारी जात. म्हणून ठेकेदारानं बटणांवर पत्र्याची पेटी बसवून ती वेल्डिंग करून टाकली होती. संयोगितानं एकदा कानात कापूस घातला, तर मागून आलेल्या स्कूटरचा हॉर्न ऐकू आला नाही आणि स्कूटरवाल्याचं मात्र भर चौकात सगळं ऐकून घ्यावं लागलं. कापूस गेला. गाडीवर तिच्या जोडीला डबे उलटायला बनाबाई असायची, पन्नाशीची, एका कानानं बहिरी. ती बरोबर तोच कान स्पीकरकडं करून उभी राहायची आणि दिवसभर शांत असायची. संयोगिताला तिचा हेवा वाटायचा.

कळंब्याच्या वाटेवरच्या कॉलन्या तिच्याकडं होत्या. कुणाच्या घरात कुणाचं पटत नाही, हे तिला कचऱ्यावरून कळायचं, आणि लोकांना ती फक्त गाण्यावरून माहीत होती. तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. "गाणं आलं बघ," असं आतून ओरडत आणि डबा घेऊन बाहेर येत. गाणं त्यांना आवडायचं असंही नाही. रात्रपाळी करून झोपलेला एक जण रोज खिडकीतून तिलाच बोलायचा, जसं काही तीच गाते आहे. दुसऱ्या ओळीला गल्लीतली कुत्री गळा काढायची. त्याचंही लोक तिलाच सांगायचे.

तिनं खरं तर गाण्याचा इतका राग करावा, हे तिच्या माहेरी कुणाला पटलं नसतं. शाहूवाडीकडच्या डोंगरातलं तिचं गाव. आषाढात भाताची रोपं लावायला बाया ओळीनं चिखलात उतरायच्या, तेव्हा पहिला आवाज तिची आई द्यायची. गाणं तिथं हौसेचं नव्हतं. गाण्याच्या ठेक्यावर हात चालायचे. ठेका ढिला पडला की कुणाची तरी पात, म्हणजे वाट्याची ओळ, मागं राहायची, आणि ज्या बाईची पात आधी सरेल तिनं बांधावरून मागच्यांना गाण्यातूनच हाक द्यायची. संयोगिता बाराव्या वर्षापासून त्या ओळीत होती. पुढं आईचा गुडघा धरला, तेव्हा पहिला आवाज संयोगिता देऊ लागली. लग्न होऊन कळंब्याला आली तेव्हा सासरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, सून गाती. मग हळद असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, तिला बोलावणं ठरलेलं. तीही आवडीनं जायची.

गाडीवर लागली आणि ते बिघडलं. नणंदेच्या हळदीत ते सगळ्यांसमोर उघडं पडलं.

नणंद निशिगंधा पाटावर बसली होती. बाया हळद लावत होत्या. कुणी तरी म्हणालं, "संयोगिता, म्हण की गं. मुकी हळद लावायची व्हय?" तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ चांगली गेली. दुसऱ्या ओळीला चाल आपोआप वळली आणि तिच्या तोंडून स्वच्छ, सुरात बाहेर पडलं, "ओला टाका हिरव्या डब्यात."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग नवरीच पहिल्यांदा हसली. तिच्यामागून सगळ्या. एका मावशीनं तर पुढची ओळ म्हणून पुरी केली. कुणी तरी ते मोबाईलवर घेतलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते उचगावच्या पाहुण्यांपर्यंत पोचलं. नवरा अमरसिंह घरी आला तो हसू दाबतच आला.

"हसायचं असंल तर भाईर जाऊन हसा," संयोगिता म्हणाली.

"अगं, लोक कौतुकानं बघत्यात."

"मग तुमी जावा गाडीवर. दिसभर कौतुक करून घ्या."

त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं. बोलावणी आली की घसा धरलाय म्हणायची.

घरात तरी शांतता असावी, तर तीही नाही. धाकटी जाऊ भाग्यश्री, तिचं दहा महिन्यांचं बाळ. दुपारी संयोगिता दोनला घरी येऊन जेवायला बसली की आतल्या खोलीतून मोबाईलवर तेच सुरू व्हायचं, उठा उठा हो शेजारी. बाळाला दुसऱ्या कशानं झोपच येत नव्हती. भाग्यश्रीनं अंगाई म्हणून पाहिली, सासूनं श्लोक म्हणून पाहिले, पोरगं किंचाळायचं. आणि हे लागलं की अंगठा तोंडात घालून पाच मिनिटांत गार.

"भाग्यश्री, बंद कर ते. न्हायतर मी ताट घिऊन परसात जातो," संयोगिता म्हणायची.

"आक्का, दोनच मिंटं. डोळं मिटाय लागलंय."

ती खरोखरच ताट घेऊन परसात जायची. शेवटी तिनं ठरवलं, गाणंच बदलून घ्यायचं.

वॉर्डाचा मुकादम तात्यासो मगदूम. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीला "वरनं आलंय" म्हणायची त्याला सवय होती. गाणंही वरनं आलं होतं.

"वरनं म्हंजे कुठनं?" तिनं विचारलं.

"ते मला सांगितल्यालं न्हाय," तात्यासो म्हणाला. "असं करा, लोकांच्या सह्या आणा. लोकांचीच मागणी हाय म्हटल्यावर मी पुढं पाठवतो."

संयोगितानं अर्ज लिहून घेतला आणि आठवडाभर कचऱ्याच्या डब्यांबरोबर कागदही पुढं केला. तिला वाटलं होतं, चार दिवसांत पान भरेल. पहिल्याच दारात आण्णा भेटले, निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"गाणं बदलू नका," ते म्हणाले. "गाणं ऐकूनच मी बीपीची गोळी घेतो. घड्याळाचं मला ध्यानात राहत नाही."

पुढच्या घरातली बाई गाणं वाजलं की कुकर चढवायची. त्याच्या पुढची पोरांना उठवायला त्याचा उपयोग करायची. कोपऱ्यावरची मंडळाची पोरं सही द्यायला तयार होती, पण त्यांना गणपतीच्या मिरवणुकीत वाजतं तसलं काही तरी हवं होतं. समोरच्या काकूंना भक्तिगीत हवं होतं. त्यांच्या सुनेचं म्हणणं, कचऱ्याच्या गाडीवर देवाचं नाव नको. सासू-सुनेचं त्यावरून फाटकातच वाजलं आणि गाडी तिथं दहा मिनिटं अडकली. रात्रपाळीवाला तरी हमखास सही करेल म्हणून ती त्याच्या खिडकीशी गेली, तर तो म्हणाला, "आता सवय झालीया. नवीन लावलासा तर परत जाग यायची."

आठवड्याच्या शेवटी कागदावर दोन सह्या होत्या. एक तिची, एक बनाबाईची. बनाबाईला अर्ज कशाचा आहे ते नीट ऐकू आलं नव्हतं.

संयोगितानं कागद सुक्या कचऱ्यात टाकला.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, एका मंगळवारी, तिनं चावी फिरवली आणि काहीच वाजलं नाही. तिनं पुन्हा फिरवली. इंजिन सुरू झालं, गाणं नाही. स्पीकर गेला होता. पहिल्या गल्लीत शिरताना तिला झाडावरची पाखरं ऐकू आली. या गल्लीत पाखरं आहेत हे तिला चार वर्षांत कळलं नव्हतं. ती स्वतःशीच हसली.

गल्ली संपली तेव्हा गाडीत तीन डबे पडले होते. बाकी कुणी बाहेरच आलं नाही. तिनं हॉर्न वाजवला. हॉर्न काय, सगळेच वाजवतात. दुसऱ्या गल्लीत बनाबाईनं दारं बडवली, तेव्हा लोक विचारायला लागले की काय झालं, कोण आलंय. नऊ वाजता तात्यासोचा फोन.

"गाडी रिकामीच फिरतीया म्हणं? काट्यावर कचऱ्याचं वजन भरलं न्हाय तर मला वर जाब द्यावा लागतोय."

"स्पीकर गेलाय."

"मग आवाज द्या की. तोंड हाय न्हवं?"

फोन ठेवला तेव्हा तिच्या डोक्यात जाळ झाला होता. तिनं गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली, खाली उतरली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून ओरडली, "कचरा." कुणी नाही. पुन्हा ओरडली. एक खिडकी उघडली आणि मिटली. तिसऱ्यांदा ओरडायला तिनं छाती भरून श्वास घेतला, आणि रागाच्या भरात जे बाहेर आलं ते बांधावरून द्यायच्या हाकेच्या चालीवर आलं, लांब ओढलेलं, टिपेला चढलेलं:

"पात माझी सरली गं, तुझी कुठवर आली,
 पाण्यामधल्या बगळ्यानं वाट तुला दावली."

एवढं म्हणून ती थांबली. तिला स्वतःलाच कळेना हे कुठून आलं. वीस वर्षांत तिनं ते म्हटलं नव्हतं. गल्लीत दारं उघडायला लागली. लोक डबे घ्यायचे विसरून नुसतेच बाहेर आले. आणि मग वरून, तिसऱ्या घराच्या गॅलरीतून, एक म्हातारा, चिरका, पण ठेक्यात पक्का आवाज आला:

"बगळा गेला उडून गं, माझं पाऊल चिखलात,
 हाक तुझी येऊ दे, मग जीव येतोय हातात."

संयोगितानं वर पाहिलं. एक वाळकी म्हातारी कठडा धरून उभी होती. त्या घरचा कचरा रोज सून आणून द्यायची, म्हातारीला संयोगितानं कधी पाहिलंही नव्हतं.

"कुठली गं तू?" म्हातारीनं वरून विचारलं.

"शाहूवाडीकडची. तुमी?"

"मी बी तिकडचीच. विठाबाई म्हणत्यात मला. चाळीस वरसं झाली, कुणी पहिला आवाजच दिला न्हाय बघ."

खाली उभ्या असलेल्या सुनेचं तोंड उघडंच राहिलं. सासू गाते हे तिला माहीत नव्हतं. मागं दोन रिक्षा खोळंबून हॉर्न वाजवत होत्या. संयोगितानं डबे रिकामे करून घेतले आणि गाडी काढली.

त्या दिवशी प्रत्येक गल्लीत तिनं गाऊनच लोक बाहेर काढले. गाडी भरली. आण्णांनी गोळी तासभर उशिरा घेतली, पण घेतली. दुसऱ्या दिवशी पोरं फाटकात येऊन थांबली होती. तिसऱ्या दिवशी मागण्या सुरू झाल्या: आमच्या दारात दोन कडवी म्हणा, कालचंच परत म्हणा, जरा थांबा, व्हिडिओ घेतो. शेजारच्या गल्लीत तीन कडवी म्हटलीस आणि आमच्यात एकच, म्हणून एक बाई चक्क रुसली. चौथ्या दिवशी संयोगिताचा आवाज बसला. आता खरंच घसा धरला होता, आणि घरी कुणी ते मानायला तयार नव्हतं. ती हळद घातलेलं दूध पीत तात्यासोसमोर जाऊन उभी राहिली.

"स्पीकर कवा बसतोय?"

तात्यासो खुर्चीत मागं रेलला. "स्पीकरची आता काय गरज हाय, संयोगिताबाई? लोक तुमच्यावर लई खूश हायत. वर बी कळवलंय मी. आपल्या वॉर्डात प्रत्यक्ष गायन."

चार वर्षं ती ज्या गाण्याच्या नावानं बोटं मोडत होती, ते परत द्या म्हणून आज तिलाच भांडायचं होतं.

"साडेसहा तास गाऊन बघा तुमी," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "उद्या सकाळी गाडीवर या. मी चालवतो, तुमी गावा. एकपतोर टिकलासा तर मी जलमभर गातो."

"आवो, पण लोकांची मागणी—"

"लोकांची मागणी सह्या घिऊन आणा. मी आणली हुती तशी."

तिनं पुढं सांगितलं की नवा स्पीकर बसेल तेव्हा त्याचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी असेल, आणि त्यावर पत्रा बसणार नाही. पत्रा बसला तर गाडी मुकी फिरेल आणि वजनाचा जाब तात्यासोनं द्यावा. हे बोलताना तिला तीनदा खोकला आला, त्यामुळं ते जास्तच पटलं असावं.

सोमवारी स्पीकर बसला. ती आनंदी बाई पुन्हा गाऊ लागली. संयोगिताला गाणं तितकंच नकोसं वाटलं, पण चौकात आणि मोठ्या रस्त्यावर तिनं ते वाजू दिलं. तीन कॉलन्या झाल्या आणि विठाबाईंच्या गल्लीचं वळण आलं, तसं तिनं बटण दाबून ते बंद केलं.

विठाबाई गॅलरीत नव्हत्या. सुनेनं त्यांना खाली आणून फाटकाशी खुर्चीवर बसवलं होतं. त्यांना आणखी सात कडवी येत होती आणि ती कुणाला तरी द्यायची होती, रोज एक.

"आज घसा धरलाय, आत्ती," संयोगिता म्हणाली. "नुसतं ऐकतो."

"ऐक की मग," विठाबाई म्हणाल्या आणि सुरू झाल्या.

दुसऱ्या ओळीला फोन वाजला. तात्यासोला त्याच्या मोबाईलवर गाडी एकाच जागी उभी दिसत होती.

"गाडी का थांबलीया?" त्यानं विचारलं.

"कचरा लई हाय," संयोगिता म्हणाली आणि फोन ठेवून दिला.