अक्का पंपाचं औषध गिळायची

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, आमचं भडगाव. नव्वद-एक्याण्णव साल असावं... साक्रीला दिलेली माझी मोठी बहीण, अक्का, चार दिवस माहेरी आली होती. आल्या आल्या ओट्यावर टेकली आणि पाण्याचा तांब्याही हातात धरवेना, इतका दम लागलेला.

अक्काला दमा. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या आतून सुजतात, आवळतात, मग छातीत शीळ वाजते... हे मी पुढे दवाखान्यातले तक्ते वाचून शिकलो. धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला तोंडात मारायचा पंप दिला होता. सहा महिने झाले तरी गुण नाही.

"काहीच कामना नही हाऊ पंप, भाऊ. आखाजी व्हयनी का गिरणामा फेकी दिसू," ती म्हणाली. सण झाला की पंप थेट गिरणा नदीत!

सासरची माणसंही म्हणत, पंपाची सवय लागते, त्यापेक्षा झाडपाला बरा. पण मागच्या हिवाळ्यात तिचे ओठ निळे पडलेले मी या डोळ्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी पुरणाच्या मांड्यांसाठी चूल पेटली आणि धुरानं अक्काची छाती भरून आली. तिनं पंप काढला, तोंडात दाबला, ओठ घट्ट मिटून आवंढा गिळला... आणि वरून दोन घोट पाणी प्यायली.



सासरी सासरे आणि जेठ, म्हणजे थोरले दीर, समोर. ती भिंतीकडे तोंड करून पदराआड पंप घ्यायची. दवाखान्यातही सासरे सोबत, म्हणजे तिथंही पदर. ती नेमकं काय करते, हे सहा महिन्यांत कुणी पाहिलंच नव्हतं. माहेरी डोक्यावर पदर नव्हता, म्हणून मला दिसलं.

कपाशीवर फवारणी करत माझी उमर गेली. कीड आहे तिथं फवारा पोचला पाहिजे, एवढं मला कळत होतं. इथं दुखणं छातीत आणि औषध चाललं होतं पोटात...

तिला धुरातून उठवून अंगणात बसवलं. म्हटलं, अक्का, हे गिळायचं नाही, श्वासाबरोबर आत ओढायचं.

"तू कवय डॉक्टर व्हयना रे, सातवी नापास?" दम लागलेला, तरी टोमणा चुकला नाही.

मी सांगत गेलो, आधी श्वास सगळा सोड. मग हळूहळू आत ओढायला लागलीस की पंप दाब, आणि दहा मोजेपर्यंत रोखून धर. पहिल्या खेपेला ठसका लागला. दुसऱ्या खेपेला जमलं... थोड्या वेळानं छातीतली शीळ बारीक होत गेली.

"इतलं सोपं व्हतं?" एवढंच बोलली आणि डोळे पुसत बसली.

तरी माझ्या अर्ध्या अकलेवर भरवसा नको, म्हणून सण झाल्यावर तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी समोर पंप घ्यायला लावला. म्हणाले, बरोबर आहे, हे मी पहिल्याच दिवशी करून घ्यायला हवं होतं. रोज घ्यायचा दुसरा पंपही दिला, आणि बरं वाटलं म्हणून तो सोडायचा नाही, अशी तंबी दिली.

अक्कानं सोडला नाही. वर साक्रीच्या बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या दमेकरी बायांना ती ओट्यावर बसवून घेऊ लागली. मी सहा महिने औषध गिळत होते, हे आधी स्वतःच हसत सांगायची, म्हणजे समोरची लाजत नसे. मग त्या बाईला तिचा स्वतःचा पंप आपल्यासमोर घ्यायला लावायची.

चौथी शिकलेली माझी बहीण. आपली चूक चारचौघांत सांगून तिनं किती जणींचा श्वास मोकळा केला असेल... तिचा भाऊ म्हणवून घेताना आजही ऊर भरून येतो.