पिवळ्या काचांची खोली

माझ्या ताईसारखी हट्टी बाई शोधून सापडायची नाही. बाबांना लघवीची नळी लागली आणि ती बदलताना ते पहिल्यांदा ओरडले, त्या दिवसापासून हिने प्रयोगशाळेत एकच ध्यास घेतला. नळीला असा लेप द्यायचा, की ती आत जाताना खुपणार नाही.

लेप म्हणजे काय, तर पाण्यात विरघळणारा पॉलिमर. नळी त्यात बुडवायची आणि जांभळ्या दिव्याखाली धरायची. त्या उजेडाने पॉलिमरचे धागे एकमेकांत अडकतात. मग तो विरघळत नाही, नुसता पाणी पिऊन बुळबुळीत होतो. ऐकायला सोपं! ताईची त्यात वर्षं गेली. कधी लेप सुटून यायचा, कधी टणक व्हायचा. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आधी हा चिकटू दे."

शेवटी जमलं. रुग्णालयाने चाचणीला परवानगी दिली, बाबांचं नाव पहिल्या तुकडीत आलं. "पुढची नळी माझी हं, बाबा," ताई म्हणाली. बाबांनी मान डोलावली.

त्या द्रावणाला साधं ऊनही चालत नाही, उन्हानेही ते थिजतं, म्हणून खोलीच्या काचांना पिवळा कागद लावलेला. चाचणीच्या नळ्या बुडवायच्या दिवशी ताईने सगळं द्रावण काचेच्या उभ्या भांड्यात ओतलं आणि जेवायला गेली. तेवढ्यात तिचे साहेब फोटोग्राफरला घेऊन आले. "खोलीला कावीळ झालीय का?" म्हणाले आणि शिपायाकडून कागद सोलून घेतले. उभा जन्म याच विषयात गेलेला माणूस! फोटो झकास आले म्हणे. ताई परतली तर भांड्यात थलथलीत गोळा. साहेब वर तिलाच म्हणाले, "झाकून ठेवायचं ना!"

नवं द्रावण तयार होऊन शुद्ध होईपर्यंत महिने गेले. मधे बाबांची नळी बदलावी लागली, जुन्याच तऱ्हेची. मी त्यांचे हात धरले, ताई दाराबाहेर कान झाकून उभी. त्यानंतर बाबांना ताप चढला, तो उतरलाच नाही.

पुढे चाचणी झाली. बाबांच्या जागी दुसरे एक आजोबा घेतले होते. ताई घरी आली ती चपलांसकट खुर्चीत बसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही. नळी घातलेली त्यांना समजलीसुद्धा नाही. 'झालं पण?' म्हणाले आणि हसले."

"मग चांगलंच की!"

"हो ना. आणि मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला, इतका राग आला..."

मी तिची समजूत घालणार होते. पण मलाही आला होता.