आनेस्तिस सरांचा अंदाज

आनेस्तिस कारिपिदिस बावीस वर्षं ग्रीसमधल्या वेरिया गावात संगणक शिकवतो, तेही संगणकाशिवाय. आमच्या क्लासमध्ये त्याची खोली आणि माझी खोली लागून आहे. मी अर्थशास्त्र शिकवते. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पोरांनी प्रोग्राम पेनाने वहीत लिहायचा, तोही ग्रीक शब्दांत. 'वाच', 'लिही', 'तोपर्यंत कर', अशी ती भाषा. जगातलं कुठलंही यंत्र ती बोलत नाही. "प्राचीन ग्रीकचा मास्तर हो म्हणत होते," त्याची आई म्हणायची, "निदान पाद्र्याला तरी तुझं बोलणं कळलं असतं."

गावात त्याचं नाव होतं ते अंदाजासाठी. पेपर सुटला की पोरं शाळेच्या फाटकातून थेट क्लासवर यायची. वही आणि प्रश्नपत्रिका आतच जमा झालेली असायची, त्यामुळे हाती काहीच नसायचं. तो एकेकाला समोर बसवून विचारायचा, काय लिहिलंस? डोळे मिटून ऐकायचा आणि विसापैकी आकडा सांगायचा. महिन्याभराने निकाल लागला की फार तर अर्ध्या गुणाचा फरक निघायचा. लोक त्याच्या आकड्याला काळ्या दगडावरची रेघ मानत.

त्याचं गुपित मला ठाऊक होतं. "लेमोनिया, पोरं खोटं बोलत नाहीत गं," तो म्हणायचा. "पण सांगता सांगता आपली चूक दुरुस्त करतात. म्हणून मी नेमक्या अवघड जागी टोकतो. छातीठोक उत्तर आलं तर बरोबर. 'आठवत नाही' आलं की समजायचं, माती खाल्ली. बरोबर लिहिलेलं कुणी विसरतं का?"

मला ते पटलं होतं. आजही पूर्ण खोटं वाटत नाही.

गेल्या जूनमधल्या मंगळवारी पार्थेना त्याच्यासमोर बसली. पीच निवडणाऱ्या लाझारोसची मुलगी. अतिशय खरं बोलणारी, इतकी की वर्गातली पोरं तिला 'शपथपत्र' म्हणून चिडवायची. तिला थेस्सलोनिकीला विद्यापीठात जायचं होतं, त्यासाठी चार विषयांचे पेपर होते, आणि संगणकात सोळाच्या खाली येऊन चालणार नव्हतं.

"मोजणीचं शून्य कुठे ठेवलंस? 'तोपर्यंत कर'च्या फेऱ्याच्या आत की बाहेर?"

"बाहेरच ठेवते मी नेहमी."

"नेहमीचं नको सांगूस. आज?"

तिने पेन धरल्यासारखी बोटं हलवून पाहिली. "आठवत नाही, सर."

असं तीनदा झालं. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "साडेअकरा." तिने मान हलवली, आभार मानले, पिशवी उचलली. रडली असती तर आम्ही थांबवलं असतं. आम्हाला वाटलं, पोरगी खंबीर आहे.

शुक्रवारी माझ्या विषयाचा पेपर, चारातला शेवटचा. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन फाटकाशी उभी होते. साडेआठला फाटक लागलं तरी पार्थेना आली नव्हती. मी लाझारोसला फोन लावला.

"इथंच आहे की, बाई. शेडमध्ये पीच निवडतेय," तो म्हणाला. "म्हणाली, सरांनी आकडा सांगितलाय, आता पेपर देऊन काय उपयोग? मला काय कळतंय त्यातलं?"

मी फोन ठेवला. राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. आनेस्तिसला सांगितलं तर तोही नुसतं "बरं" म्हणाला आणि फळा पुसत राहिला. आधीच कोरा होता तो फळा.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आनेस्तिसला पार्थेनाचा मेसेज आला. 'अठरा पॉइंट चार.' पुढे काही नव्हतं. आनेस्तिसने फोन माझ्यापुढे सरकवला आणि खुर्चीत तसाच बसून राहिला. निकालाचे पेढे म्हणावेत तसे कुणीतरी आणलेले गोड तुकडे टेबलावर होते. त्याने एक खाल्ला, मग दुसरा. चव लागत असावी असं वाटलं नाही. मलाही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेडवर गेलो. पार्थेना सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून डागी फळं बाजूला काढत होती. हात थांबले नाहीत.

"तू आठवत नाही का म्हणालीस?" आनेस्तिसने विचारलं. त्याला माफी मागायची होती. तोंडातून हेच आलं.

"खरंच आठवत नव्हतं, सर. हात आपोआप लिहीत गेला."

मीच म्हणाले, "अगं, पुढच्या जूनमध्ये परीक्षेला बस की परत."

"चारही पेपर परत द्यायचे, बाई. वर्ष घालवायचं." तिने त्याच्याकडे पाहिलं. आवाजात ना राग, ना आशा, भाव विचारावा तसं विचारलं, "होईल का, सर? काय अंदाज तुमचा?"

बावीस वर्षांत मी त्याला आकड्यासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. पट्ट्यावरून बरीच फळं निघून गेली.

"मला नाही सांगता येत, पार्थेना," तो शेवटी म्हणाला. "खरंच नाही माहीत."

तिने एक डागी पीच उचलून पेटीत टाकला. "मग बसते," ती म्हणाली.