खाटेवरच्या बाईला काहीच झालं नव्हतं

बोईसरजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या रुग्णालयात एरवी बहुतेक खाटा रिकाम्याच असत. कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीचं पथक यायचं होतं त्या सकाळी मात्र मनोरकडच्या पाड्यांवरून टेम्पोतून बायका आणल्या आणि त्यांना रुग्ण म्हणून झोपवलं. त्यांतल्या एकीला सलाईन लावायला मला सांगितलं. सुई बघून तिने हात आखडता घेतला. "बाय, मी बरी हाय. नुसतं झोपायचं सांगितलंय," ती हळूच म्हणाली.

माझ्याने सुई टोचवेना. तेवढ्यात पथकातल्या बाई आल्या आणि त्यांनी आजार विचारला. मी म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. सगळ्यांना आजच आणलंय."

त्यानंतर मला हॉस्टेल सोडायला लावलं, गैरवर्तनाचा ठपका ठेवून हॉल तिकीट अडवलं. माझी आई किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मासळी विकणारी. तिला प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मुलगी खोटं बोलली असं लिहून देऊन माफी मागा, मग परीक्षेला बसू देतो, म्हणाले. आई त्यांना म्हणाली,

"माजी पोर खोटं बोलली असती तर मीच माफी मागितली असती. ती खरं बोलली. आता माफी कशाची?"

घरी आल्यावर रडले ती मी, आई नाही. पालघरच्या कोर्टात बायकांना मोफत वकील मिळतो, हे तिला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. तिथल्या वकीलबाईंनी समजावलं, की खरं सांगितलं म्हणून विद्यार्थ्याला शिक्षा करता येत नाही; विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे दाद मागायची, तिथे नाही जमलं तर वर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला लोकपाल असतो. आम्ही अर्ज केला. आईने मनोरच्या बाजारात विचारत विचारत त्या खाटेवरच्या बाईंना शोधून काढलं. त्या सुनावणीला आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला आजार नव्हता. ही पोरगी सांगते ते खरं हाय."

समितीने ठपका काढून टाकला आणि दुसऱ्या कॉलेजच्या केंद्रावर माझी परीक्षा घ्यायला लावली. कॉलेजची मान्यता धोक्यात आणली म्हणून काही मैत्रिणी अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. त्याचं वाईट वाटतं, पण पथकासमोर ते वाक्य बोलल्याचा मला आजही अभिमान आहे.

पहिल्या पेपरला आई धंदा बंद ठेवून केंद्राबाहेर बसली होती. शेजारच्या पालकांना ती सांगत होती, "आत माजी मुलगी हाय. तिला बसू देत नव्हते. बसली."