कपाखालची पट्टी

जे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते आज लिहितो आहे. नोकरीतले लोक समजतात की मी एकदा मोठा अपघात टाळला. तो टाळणारा मी नव्हतो.

मी मूळचा मेहकर तालुक्यातला. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना उतरण्या-उडण्याची परवानगी देणं, हे माझं काम. तेव्हा नेमणूक दूरच्या एका लहान विमानतळावर होती. तिथल्या कँटीनमध्ये दुसरबीडचे गफूरभाई होते. बाहेरच्या माणसाला मनोऱ्यात येऊ द्यायचं नाही, चहासुद्धा जिन्याखालीच घ्यायचा, असा नियम होता. तरी मी त्यांना वर बोलवत असे. कारण एकच, आपल्याकडच्या बोलीतले दोन शब्द कानावर पडावेत.

त्या दुपारी एक छोटं खासगी विमान आलं. मागून प्रवासी विमान येणार होतं, म्हणून छोट्याला मी दक्षिणेच्या तलावावर घिरट्या घालत थांबायला सांगितलं. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी आमच्यासमोर मांडलेली असते. तिच्यावर नजर ठेवूनच सगळं चालतं. तेवढ्यात गफूरभाई चहा घेऊन आले आणि मी कप नेमका त्या छोट्या विमानाच्या पट्टीवर ठेवला. गप्पा रंगल्या. मध्येच वारा फिरला, तेव्हा मी प्रवासी विमानाला उलट्या बाजूने, म्हणजे त्याच तलावावरून, उतरायला सांगितलं. तिथे कुणी थांबलंय हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

रिकामे कप न्यायला गफूरभाई एरवी अर्ध्या तासाने यायचे. त्या दिवशी मात्र गप्पा संपल्यावरही ते तिथेच थांबले. कप उचलून म्हणाले, “साहेब, हा कागद ओला झाला पहा. हे विमान उतरलं का?”

मी माइक ओढला. प्रवासी विमानाला पुन्हा वर चढायला सांगितलं, छोट्याला वळवलं. काचेतून दोन्ही दिसली, इतकी जवळ की मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा दोघांच्या मध्ये आकाश होतं. थोड्या वेळाने प्रवासी उतरले. शिडीच्या पायथ्याशी एक बाई वाकून मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती.

चौकशीत मला विचारलं, हा माणूस वर कसा? मी म्हणालो, न विचारता आला. मला नुसती समज मिळाली, वर ‘चूक वेळेत लक्षात आली’ असा शेरा. गफूरभाईंना आठवड्यात काढलं. जाताना ते भेटायला आले, तेव्हा मी कामात असल्याचा निरोप पाठवला.

त्यानंतर पूजेला बसलो की हात तेवढे जोडले जायचे. गेल्या महिन्यात रजेवर आलो, तेव्हा हिवरा आश्रमात दोन दिवस शांत बसावं म्हणून जालन्याहून बसने निघालो. दुसरबीडला बसचं टायर बसलं. खाली उतरायला मन घेईना. शेवटी उन्हानेच उतरवलं. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत गफूरभाईच होते.

“या साहेब,” ते म्हणाले. “इथं वरचं-खालचं काही नाही. कुठंबी बसा.”

ग्लास हातात घेण्याआधीच मी सगळं बोलून टाकलं, खोटं बोललो तेही.

“मले ठाऊक हाय. तिथंच कळलं होतं.”

“राग नाही आला?”

“आला ना. वर्षभर शिव्या देल्या तुमाले. बायको म्हने, आता पुरे करा.”

मी विचारलं, त्या दिवशी थांबलात कशासाठी?

“काय माहीत. पायच निघाले नाही. वरच्यानं धरून ठेवलं असन.” त्यांनी चहाचं पातेलं उतरवलं. “पन माफी मले मागून काय होते? माह्यावरचा डाग तिकडं कागदावर हाय. तिकडं सांगा.”

आश्रमात पोचलो, पण या वेळी काही मागावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं मी शांती मागत होतो. ती न देता देवाने मला भर दुपारी गफूरभाईंपुढे नेऊन बसवलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. शरण जाणं म्हणजे पायांवर डोकं ठेवणं, एवढंच मी समजत होतो. खरं सांगितल्यावर जे होईल ते होऊ देणं, हेही त्यात येतं.

गफूरभाईंना मीच वर बोलावलं होतं, आणि विमानाची आठवणही त्यांनीच दिली होती, हे मला कार्यालयाला लेखी कळवायचं आहे. अजून कळवलेलं नाही.